त्या रविवारी गाडी काढली नाही

बेंगळुरू
३ डिसेंबर

आदरणीय पी थंगी,

प्रभू येशूत सलाम. मी बरा आहे. तुमच्या गुडघ्यांची खबर आईकडून कळते. मागच्या महिन्यात सलूनची मालकीण मला केस धुण्यावरून कापण्यावर घेणार होती. पण कात्री हातात आली की मला घाई सुटते. एका बाईचा कान थोडक्यात वाचला. "मुआना, कुठे आग लागलीय का रे?" मालकीण म्हणाली. परत नळापाशी.

इथे रविवारीच सगळ्यात जास्त गर्दी. इथली मिझो पोरं दुपारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेला जमतात. मी कामावर असतो. पहिल्या रविवारी वाटलं, आता देव काहीतरी करील. काही झालं नाही.

तुमचं पत्र मिळालं. नाताळला ये, वडीलमंडळींशी बोलून ठेवलंय, देवळातला ढोल आता तूच वाजव, माझ्या बियाकाच्या जागी आता मुलगा तूच, असं तुम्ही लिहिलंय. चार वेळा उत्तर लिहायला बसलो. रजा मिळत नाही असं लिहिणार होतो. रजा मिळते.

हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नका. एकट्याच वाचा.

ढोल आधी माझ्याकडे होता. तो बियाकाला दिला तेव्हा वडीलमंडळींतले झौवा सगळ्यांसमोर म्हणाले, "तू गाणं पळवतोस रे. म्हाताऱ्यांना धाप लागते." सगळे हसले, मीही हसलो. बियाका घरी येऊन म्हणाला, "एकेक रविवार वाटून घेऊ." मी म्हटलं, "तुझा ढोल तुलाच लखलाभ." पुढे वर्षभर तो वाजवायला लागला की मी गायचं थांबवायचो. एवढंच. मुलीवरून नाही, जमिनीवरून नाही. ढोलावरून.

त्या रविवारी तुम्ही पायऱ्या चढून आलात. "गाडी काढतोस का रे? बियाकाचं पोट फार दुखतंय."

मी म्हटलं, "पी, आज रविवार, शब्बाथ ना. आज गाडी काढत नाहीत. उद्या पहाटे नेतो."

"खरंच की! माझं मेलीचं डोकं. थांबेल उद्यापर्यंत."

पण सकाळी देवळातून येताना मी तुमच्या खिडकीतून त्याला पाहिलं होतं. गुडघे छातीशी घेऊन पडला होता, ओठ पांढरे. साधं दुखणं नाही हे मला कळलं होतं. आणि तुम्ही दारात उभ्या असताना माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आज संध्याकाळी ढोल माझ्याकडे.

फुटबॉल बघायला मी दोनदा रविवारी गाडी काढली होती, हेही लिहून टाकतो.

त्या संध्याकाळी जसा वाजवला तसा जन्मात वाजवला नाही. जराही घाई केली नाही. सोमवारी उजाडताना, सांगितल्याप्रमाणे, गाडी घेऊन दारात हजर होतो. तोवर तो गेला होता.

कबर खणताना सगळ्यात जास्त वेळ खड्ड्यात मीच होतो. पाळक मला म्हणाले, "तू शब्बाथ पाळलास, मनाला लावून घेऊ नकोस." तुम्ही मला चहा दिलात. म्हणून मी गाव सोडलं, कामासाठी नाही.

शब्बाथाला मेंढरू खड्ड्यात पडलं तर काढावं, हे संडे स्कूलमध्ये तुम्हीच शिकवलंत. मेंढरू पाहिलं नव्हतं म्हणून मी डुक्कर म्हटलं होतं, तुम्ही पोट धरून हसला होतात. सातवीत शाळा सुटली, पण हे मला येत होतं.

देवळात उभा राहून काय कबूल करू? प्यालो नाही, चोरलं नाही, तो रविवारही मोडला नाही. मोडलेलं काही दाखवताच येत नाही. प्रार्थनेला बसलो की आत त्या दिवसाचा मीच दिसतो, संध्याकाळची वाट बघत बसलेला. देवाला माफ कर म्हणतो, तेव्हासुद्धा मनात हेच की तुम्ही मला मुलगा म्हणत राहावं. मग ती माफी कसली?

ढोल दुसऱ्या कुणाला द्या. उत्तर लिहू नका. माफ केलंत तर ते मला सोसणार नाही, आणि नाही केलंत तरी.

त्या रविवारी एकही नियम न मोडलेला,
मुआना