काजळलेली माशी

२ जून
काल बायको डेलिया आणि मी बिटर विलोला पोचलो. मोंटानातलं गाव असावं तसं गाव: एक रस्ता, दोन चर्च, तीन गुत्ते, आणि चष्म्याचं दुकान नाही. म्हणजे नव्हतं. आज सकाळी मी पाटी लावली: लेलंड, चष्मेवाला. दुपारपर्यंत चौघांनी मला डॉक म्हणून हाक मारली. मी डॉक्टर नाही, पण लोकांची असली चूक दुरुस्त करायची मला कधीच घाई नसते. शेजारच्या मिसेस हॅस्केल केक घेऊन आल्या. जुन्या रिव्हॉल्वरांचा क्लब त्याच चालवतात. म्हणाल्या, शनिवारी यायचंच. जो येत नाही त्याच्यासाठी रविवारी चर्चमध्ये प्रार्थना होते. डेलिया खूप दिवसांनी हसली. इथे बरं जाईल.

७ जून
पणजोबांचं रिव्हॉल्वर घेऊन गेलो, यादवी युद्धातलं. नेम धरायची मागची खाच चक्क घोड्यातच कोरलेली. घोडा ओढल्याशिवाय ती दिसतच नाही. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे खाचेतून जुळवायचा नेमाचा उंचवटा, तांदळाच्या कणीएवढी. बनवणाऱ्याचे डोळे तरी विशीतले असावेत, नाहीतर गिऱ्हाइकाशी वैर असावं. पन्नाशीनंतर डोळा जवळची माशी दाखवतो किंवा लांबची नेमाची चकती, दोन्ही नाही. हे मी लोकांना पैसे घेऊन सांगतो. आज फुकट भोगलं.

पितळी माशी उन्हात चमकते, म्हणून इथे जो तो ती आधी मेणबत्तीच्या धुरावर काजळून घेतो. ज्याची त्याची मेणबत्ती. मी मिसेस हॅस्केलकडे मागितली तर म्हणाल्या, डॉक, दात घासायचा ब्रशही शेजाऱ्यांचाच वापरता का?

गोळ्यांच्या सहापैकी पाचच घरं भरायची, घोड्याखालचं रिकामं ठेवायचं. माझ्या पाचही गोळ्या डोंगराला लागल्या. ऑर्लो टॅकेटच्या पाचही मधोमध. वय अठ्ठ्याहत्तर. क्लबचा चषक कायम त्याच्याच फडताळात. डेलियानं टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठीही वाजवल्या होत्या, पण त्या लहान मुलाला वाजवतात तशा.

१६ जून
ऑर्लो दुकानात आला. दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचता येईना. मग माशी कशी दिसते, म्हणून विचारलं. फरशीकडे बघत म्हणाला, तेवढीच तर दिसते, डॉक. काय हा माज! हा माणूस बोलताना कधीच तोंडाकडे बघत नाही. जणू समोरच्याची लायकी बुटाएवढीच.

डेलिया म्हणते, माज नाही, दुःख आहे. बायको, बर्निस, घरातच गेली. रिव्हॉल्वर पुसताना गोळी सुटली म्हणे. डेलिया त्याला सूप नेऊन देते, स्वतः शिजवलेलं. मला सर्दी झाली तेव्हा डबाबंद दिलं होतं.

२८ जून
आज पुन्हा पाच भोपळे. मिसेस हॅस्केल म्हणाल्या, डॉक, डोंगर मेला हो, आता त्याला सोडा.

ऑर्लोच्या मेणबत्तीचं थोटूक तंबाखूच्या डबीत असतं. डबी नेहमी उघडी, टेबलाच्या अगदी कडेला. तो कॉफी आणायला उठला. मी माझी मेणबत्ती तिथे ठेवली आणि त्याची उचलली. चोरी नव्हे, अदलाबदल.

माशी काजळली, घोडा ओढला. माशी चर्चच्या मनोऱ्यासारखी उभी. पाचही मधोमध. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात ऑर्लोच्या.

५ जुलै
चषक माझ्या फडताळात आला. ऑर्लोचे सगळे नेम चुकले, एका गोळीनं मिसेस हॅस्केलांची किटली फुटली, आणि गडी पोट धरून हसला. मान वर करून, एकेकाच्या तोंडाकडे बघत. संध्याकाळी जेवणावळीत डेलियाबरोबर नाचला. तिला म्हणाला, पोरी, तुझा चेहरा मला धूसर दिसतो, पण वर्षानुवर्षं इतकं सुंदर काही पाहिलं नाही. ती लाजली. लग्नाला तेवीस वर्षं झाली. मला वाटायचं तिला ते येतच नाही.

मी चषक धरून कोपऱ्यात उभा. कोपरा माझा एकट्याचा होता.

माशीवरचं काजळ निघत नाही. तेल, राख, सगळं झालं.

१९ जुलै
माशी आता रिव्हॉल्वरशिवायही दिसते. डोळ्यात, मधोमध, काळी. चष्मे बदलले, थेंब घातले. दुकानात मिसेस हॅस्केल आल्या तर ती त्यांच्या ब्रोचवर टेकली. अगदी स्थिर. काउंटरखाली माझं बोट आपोआप वळलं.

आज दिवसभर लोकांच्या बुटांकडे बघून बोललो. बाहेर कुणीतरी म्हणालं, चषक मिळाला आणि डॉकला माज आला.

२ ऑगस्ट
थोटूक ऑर्लोच्या डबीत परत ठेवून आलो. घरी पोचलो तर खिशात.

शेवटी त्याच्याकडे गेलो. त्यानं न विचारताच खुर्ची दिली. म्हणाला, ती मेणबत्ती देता येत नाही, डॉक. हेव्यानं जळणाऱ्यानं चोरावी लागते. बर्निस गेल्यापासून डबी उघडी टाकत आलो, पण हे गाव पडलं भलं, कुणाला माझा हेवाच वाटेना. तुम्ही आलात. दर शनिवारी त्या माशीला पाच चकत्या द्या, मग आठवडाभर गप्प असते. मी विचारलं, नाही दिल्या तर? त्यानं बर्निसच्या खुर्चीकडे पाहिलं. मी तिच्याच खुर्चीत बसलो होतो.

९ ऑगस्ट
वणवे. डोंगर पेटलाय. बंदुकीच्या काळ्या दारूच्या ठिणग्या उडतात म्हणून क्लब बंद, गोळीबारावर सगळीकडे मनाई. पाऊस पडेपर्यंत. ढग एकही नाही.

१४ ऑगस्ट
थोटूक चषकाशेजारी, खिडकीत, उघड्यावर ठेवलं. लोक येतात, बघतात, अभिनंदन करतात, जातात. कुणीही चोरत नाही. माझ्याजवळ हेवा करण्यासारखं काय आहे, डेलिया सोडून? आणि ती तर सूप घेऊन तिकडे असते—

ऑर्लोचा हेवा अजूनही वाटतो. तो खुशाल तिच्याकडे बघतो.

१७ ऑगस्ट
रिव्हॉल्वर रिकामं करून कपाटात कोंडलं. किल्ली डेलियाला दिली. जेवताना ती काहीतरी सांगत होती. चुकून वर पाहिलं. तिच्या गळ्याखाली, तिसऱ्या बटणावर माशी. काटा हातातून पडला. बोट वळलेलंच.

१९ ऑगस्ट
तिला म्हटलं, बहिणीकडे जा. म्हणाली, मी ऑर्लोकडे जाते ते खुपतंय तुला. हो म्हटलं. खरंच आहे. पण ते कारण— तिला पटत नाही. रडली. रडताना मी तिच्या चपलांकडे बघत होतो.

२१ ऑगस्ट
रिव्हॉल्वर मांडीवर. कपाट बंद, किल्ली तिच्याच गळ्यात. पाच घरं भरलेली, सहावं रिकामं. नियमाप्रमाणे. नळी पुसलेली, माशी काजळलेली. मी केलं नाही. हात काळे आहेत माझे पण मी—

२२ ऑगस्ट
धुरानं दिवस पिवळा. दार आतून लावलंय. नजर या कागदावर, फक्त कागदावर. माशी शब्दांवर बसते, बसू दे.

दाराची दुसरी किल्ली डेलियाकडे होती. आत आली. मी वर बघत नाहीये. म्हणते, मी आता त्याच्याकडे नाही जाणार. म्हणते, महिना झाला तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, एवढी नकोशी झाले का. जवळ येतेय. घोडा ओढल्याचा आवाज— माझा डावा हात लिहितोय, उजवा कुठे— हनुवटीखाली तिची बोटं. उचलतेय. म्हणते, लेलंड, एकदा, एकदाच माझ्याकडे ब—