पोळ्याच्या आत जीप

१८ मे, रविवार

जीप आली. १९९२ चं मॉडेल, फोर व्हील ड्राइव्ह. भीमपूरच्या बाबारावांकडून घेतली. बाबाराव कापूस पिकवणारा माणूस, मशीनची कदर नाही. सात वर्षं गोठ्यामागे उभी केली होती आणि आत कोंबड्या पाळल्या होत्या. ट्रॉलीवर चढवताना दोनदा विचारलं, काऊन नेता सर. अज्ञान.

वास भयंकर. सीटखाली कोंबड्यांच्या घाणीचा चार बोटं थर. डॅशबोर्डच्या आत उंदराचं घरटं, पिल्लांसकट. दुपारचं जेवण गेलं नाही.

पांढरी कार परवा विकली. पोर्च एकच, त्यात दोन गाड्या मावत नाहीत. हा निर्णय चारुशीलाशी सविस्तर चर्चा करून घेतला. ती शाळेच्या ट्रेनिंगसाठी निझामाबादला होती, पण तिची मतं मला सव्वीस वर्षांपासून पाठ आहेत, त्यामुळे चर्चेला अडचण आली नाही.

१९ मे

चारुशीला परत आली. बॅग हातातच धरून पोर्चमध्ये बराच वेळ उभी राहिली. एवढंच विचारलं की रविवारी आईकडे कशी जाऊ.

नीट समजावलं. तिची आई जैनथच्या पुढे, पैनगंगेकडच्या गावात. डांबरी रोड संपला की तीन किलोमीटर काळी माती. पावसाळ्यात कार तिथेच उभी करून चालावं लागतं. जीप थेट अंगणात जाईल. शिवाय आईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि त्यांचं म्हणणं असं की पोळ्याला बैलांना नैवेद्य दाखवल्याशिवाय गाव सोडणार नाही, ऑपरेशन त्यानंतर. म्हणजे भर पावसात त्यांना आणायचं आहे. कारनं ते होणार नाही, जीपनं होईल. सिद्ध.

ती म्हणाली की मी एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकले ती त्या रोडवर. मला माहीत आहे, शेजारी मीच बसायचो. भावनेनं बोलण्यात अर्थ नाही.

संकल्प: पोळ्याच्या आत जीप रस्त्यावर. मेकॅनिक नाही. स्वतःच्या हातानं. सत्तावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. टॉर्क कशाला म्हणतात हे आदिलाबादच्या एकाही गॅरेजवाल्याला सांगता येणार नाही.

२५ मे, रविवार

साफसफाई. दोन मास्क, रबरी ग्लोव्हज, डोक्याला टॉवेल. रेडिएटरमधलं पाणी काढलं. रंग चहाचा, वास मेलेल्या बेडकाचा. शेवटी बेडूकही निघाला.

साडेअकराला काम थांबवलं. तीन वेळा आंघोळ. वास माझ्याच नाकात बसलाय.

शेजारचे रिटायर्ड तेलुगू हेडमास्तर भिंतीवरून डोकावले. इंका अव्वलेदा सार, म्हणजे अजून झालं नाही का. आज पहिला दिवस आहे. या माणसानं मुलांना काय घडवलं असेल.

८ जून, रविवार

चारुशीला आईकडे बसनं गेली. जैनथपर्यंत बस, पुढे ऑटो, मग पायी. आईंना सांगितलं म्हणे की कार दुरुस्तीला दिली आहे, उगीच त्यांच्या जिवाला घोर नको. योग्य केलं. जीप दारात उभी राहिली की सरप्राइजच होईल.

मी दिवसभर केरळच्या एका मुलाचे व्हिडिओ पाहिले. भाषा कळत नाही, पण मेकॅनिक्स ही वैश्विक भाषा आहे.

१५ जून, रविवार

गिअरबॉक्स उघडला. आतलं ऑइल काकवीसारखं, त्यात लोखंडाचा चुरा. माणसं इतक्या घाणीत गाडी चालवतात कशी? नट-बोल्ट हरवू नयेत म्हणून साइजप्रमाणे इडलीपात्राच्या खळग्यांत लावले. अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धत.

१७ जून

इडलीला डिझेलचा वास आला. मी पात्र दोनदा पावडरनं धुतलं होतं. चारुशीलानं सगळ्या इडल्या गाईला टाकल्या. गाईनं हुंगून सोडल्या. मग पात्रही पोर्चमध्ये आणून ठेवलं, आता हे तुमचंच, म्हणाली. सोय झाली.

६ जुलै, रविवार

गिअरबॉक्स बंद केला. इडलीपात्राच्या दोन ताटल्या भरून नट उरले. जुने इंजिनियर गरजेपेक्षा जास्त नट वापरायचे, त्याला सेफ्टी फॅक्टर म्हणतात. तेवढं वजन कमी झालं.

गाडी स्टार्ट होत नाही. बॅटरी असेल.

१० जुलै

बॅटरी नाही.

१३ जुलै, रविवार

नागनाथ मेस्त्रीला बोलावलं. मेकॅनिक म्हणून नव्हे, फक्त जड उचलायला. त्यानं इडलीपात्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गिअरबॉक्स परत उघडला आणि सगळे नट आत बसवले. चार तासांनी गाडी स्टार्ट झाली. पाया मीच घातला होता.

माणूस किळसवाणा. तोंडात सतत गुटखा. माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर तीन पिचकाऱ्या. जाताना हात धरून सांगत होता की पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चावी आहे, चिखलात उतरायच्या आधी खाली उतरून ती हातानं फिरवा लागते, नाई तं पुढची चाकं ओढतच नाईत. लाल थुंकी माझ्या शर्टावर उडत होती. मी हो हो म्हणून लवकर कटवलं. आतमध्ये फोर व्हीलचा लीव्हर दिलेला असताना खाली कशाला उतरायचं? या लोकांना साधं काही सांगताच येत नाही.

शर्ट टाकून दिला.

२७ जुलै, रविवार

मॉडिफिकेशन. जीप चार इंच उंच केली, मोठे टायर बसवले (टायरवाल्यानं बसवले, सुपरव्हिजन माझं). आता रुबाब दिसतो. चारुशीला म्हणाली की मला चढता येत नाही, तर शहात्तर वर्षांची आई कशी चढेल. नेहमी अडचणीच शोधायच्या. प्लास्टिकचं स्टूल आणलं.

स्टूलवरून चढताना ती घसरली. गुडघा खरचटला. स्टूल निकृष्ट.

१० ऑगस्ट, रविवार

जैनथ रोडवर पहिली ट्रायल. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. फोर व्हीलचा लीव्हर ओढताच ताकद जाणवली. स्टीअरिंग अर्धं फिरवेपर्यंत चाकांना खबर लागत नाही, त्यामुळे आगाऊ विचार करण्याची सवय लागते. धूर आत येतो. घरी येऊन ओकलो. प्रवास उत्तम.

हैदराबादहून भार्गवचा फोन. बाबा, आजीला आदल्या दिवशी ऑटोनं घेऊन या ना, पाऊस लय आहे म्हणतात. या पिढीला बापाच्या कष्टाची किंमत नाही. फोन त्याच्या आईकडे दिला. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ऑपरेशन शनिवारी सकाळी नऊला. उद्या पोळा. चारुशीलानं माझ्या नकळत उद्यासाठी एका ऑटोवाल्याला सांगून ठेवलं होतं, की डांबरी रोडला थांब, तिथवर आईला आम्ही धरून आणू. मी फोन करून त्याला नको म्हणून सांगितलं. तिला नंतर सांगितलं. भांडली नाही. देवाजवळ जाऊन बसली.

उद्या दिसेल सगळ्यांना.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

दु. १२.१० — प्रस्थान. हेडमास्तर गेटवर आले होते. प्रथमच काही विचारलं नाही.

दु. १.४५ — डांबरी रोड संपला. लीव्हर ओढला. आत्मविश्वास शंभर टक्के.

दु. १.५२ — थोडा थांबा घेतला आहे.

दु. २.३० — थांबा लांबला. मागची चाकं फिरतात, पुढची पाहुण्यांसारखी नुसती बसून आहेत. गाव समोर दिसतंय, एक किलोमीटरही नसेल. चारुशीला चपला हातात घेऊन पायी गेली.

दु. ३.१० — गावातली आठ माणसं धक्का मारायला आली. सणाचे नवे कपडे. मी रेस दिली आणि मागच्या चाकांनी आठही जण डोक्यापासून पायापर्यंत माखले. एकानं तोंड पुसत विचारलं, सर, हे बंद करता का. मी म्हणालो, दोन बैलजोड्या लावा, पाच मिनिटांचं काम आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पंकज पाटील म्हणून शांत माणूस आहे, आईंचा शेजारी. त्यानं समजावलं, “काल खांदे शेकले सर, हळद-लोणी लावलं. आज त्यावर जू नाई ठेवत. वर्षातला एकच दिवस हाय त्याइचा.” हे मला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. पोळ्याला बैल जुंपत नाहीत हे या जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? माझ्या हिशेबात बैलांची गरजच नव्हती, एवढंच.

ट्रॅक्टर मागितला. ट्रॅक्टरलाही हार, बोनेटवर स्वस्तिक. मालक म्हणाला की माझे बैल गेले, आता हाच माझा बैल, आज त्यालेही सुट्टी.

दु. ३.४० — पंकज खाली वाकला आणि पुढच्या चाकाच्या मधोमध काय चावी आहे म्हणून विचारलं. नागनाथ जे थुंकत सांगत होता ते हेच. फिरवलेली नाही. चाक आता निम्मं खाली. चावी वीतभर चिखलात, आणि तो नुसता चिखल नाही. सकाळपासून सगळ्या गावाचे बैल नदीवर धुवायला याच वाटेनं गेले. शेण, मूत, काळी माती, सगळं एकत्र कालवलेलं. ग्लोव्हज घरी राहिले. हात घालायचा म्हणजे कोपरापर्यंत. हात खाली नेला, वास आला, परत घेतला.

पंकजनं पाहिलं. त्याच्या मागे बैल मिरवणुकीला थांबले होते, तो गेला.

संध्या. ४.४५ — बैल गेले. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं. जीप वाटेच्या मधोमध, त्यामुळे प्रत्येक जोडी मला वळसा घालून गेली. एक बैल बंपरजवळ थांबला आणि शेण टाकून गेला.

संध्या. ५.२० — आई आल्या. पायी. एका बाजूनं चारुशीला, दुसऱ्या बाजूनं देवकाबाई नावाची शेजारीण. पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चाचपत. दर पावलाला चारुशीला सांगत होती, इथं खड्डा, इथं पाणी. डांबरी रोडपर्यंत दोन किलोमीटरहून जास्त. तिथून पुढे ऑटो मिळाला तर. सांगून ठेवलेल्याला मीच नको म्हटलं.

आई माझ्या आवाजाच्या दिशेनं थांबल्या. “जवाईबापू, उपाशी असान तुमी,” म्हणाल्या आणि कमरेची पुरणपोळीची पुरचुंडी अंदाजानं पुढे केली. मी घेतली. चारुशीलानं मान वळवली नाही.

मी जीपमध्येच थांबलो. गाडी बेवारस सोडता येत नाही.

पुरणपोळीला हातांचा डिझेलचा वास.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी नऊला पंकजचे बैल आले. पाच मिनिटांत काढली. मी म्हणालो होतोच. क्लच जळाला आहे, म्हणून आदिलाबादपर्यंत ट्रॅक्टरनं ओढत आणली. ट्रॅक्टरचा कालचा हार सुटून माझ्या काचेवर येऊन पडला, जैनथपासून पुढचं काही दिसलं नाही. लोक चौकात थांबून बघत होते. एकानं हात जोडले.

पोचेपर्यंत दीड वाजला. ऑपरेशन दहालाच झालं. काल ऑटो मिळाला नाही, दूधवाल्याच्या टेम्पोत बसून आल्या म्हणे. आईंनी माझ्याबद्दल विचारलं तेव्हा चारुशीलानं सांगितलं की मागून आणलेली जीप रात्रीच निघाली, आज कॉलेजात पेपर आहेत. माझी बाजू घेतली. असंही वाटलं की कदाचित बाजू घेतली नसेल.

नागनाथला फोन केला. तो हसला नाही, याचा जास्त राग आला.

२५ ऑगस्ट, सोमवार, संध्याकाळी

पट्टी काल निघाली. आईंना दिसायला लागलं. कॅलेंडरवरची तारीख वाचली. चारुशीलाचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या की किती वाळली तू.

संध्याकाळी त्यांना पोर्चमध्ये बसायचं होतं. ते कळल्याबरोबर मी जीपवर ताडपत्री टाकली आणि चारी बाजूंनी बांधली. चिखल अजून तसाच आहे, धुवायची इच्छा होत नाही.

आई खुर्चीवर बसल्या, डॉक्टरनं दिलेला काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला, आता उन्हं नाहीत म्हणून. हे झाकून ठेवलेलं काय आहे, विचारलं. मी म्हणालो, शेजारच्या हेडमास्तरांचं सामान. इतकं सहज तोंडातून गेलं की मला माझीच किळस आली. तीन महिन्यांत इतकी कशाची आली नव्हती, बेडकाचीसुद्धा.

त्यांनी बरं म्हटलं. मग पोर्चच्या या टोकापासून गेटपर्यंत सावकाश पाहिलं.

“चारूची पांढरी गाडी दिसून नाई राह्यली. अजून दुरुस्तच होऊन राह्यली का?”

आत चारुशीला कांदा चिरत होती. सुरीचा आवाज थांबला.

विकली, म्हणालो.

“कोनं?”

“मी.”

त्यांनी काळा चष्मा परत डोळ्यांवर लावला आणि खुर्ची रस्त्याकडे वळवून घेतली. आत सुरी पुन्हा सुरू झाली. मी आत जाऊन चहा ठेवला.