काळीची दाढ

आई, काल आमच्या कुत्रीला डॉक्टरांकडे नेलं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आपण कुंभारीला राहायचो, मी नववीत होते आणि आपली कुत्री काळी तेरा वर्षांची. ती ताटलीपाशी यायची, भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायची आणि खाली टाकायची. आठवड्याभरात बरगड्या दिसायला लागल्या. आप्पा म्हणाले, "दिवस भरलं तिचं. माळावर सोडून येतो." मीही म्हटलं, म्हातारी झाली आता. चुलीपुढून तू अशी वळलीस माझ्याकडे! "म्हातारपन हा काय रोग हाय व्हय? भूक नसती तर ताटलीपशी आली असती का? बघ की नीट." मग तू तिला मांडीवर घेतेस. डाव्या डोळ्याखाली बोट फिरवतेस, तशी काळी कण्हते. ओठ वर करतेस. दाढ तुटलेली, हिरडी सुजलेली, आणि वास असा की मी तोंड फिरवते.

दुसऱ्या दिवशी तू खुरपणीला गेली नाहीस. बाजाराला निघालेल्या कांद्याच्या बैलगाडीत काळीला पोत्यावर निजवलं आणि आपण दोघी सोलापूरला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर हसले. "बाई, इतक्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी एवढा खटाटोप?" तू पदर सावरलास. "सायेब, ती एकाच बाजूनं चावती. दुसरीकडची दाढ सडलीया. तेवढी काढा, खाईल ती." त्यांनी तिचं तोंड उघडून बघितलं, मग मात्र हसले नाहीत.

दाढ निघाली. चार दिवस तू तिला ताकात कुस्करलेली भाकरी भरवलीस. पाचव्या दिवशी ती आप्पांच्या ताटापुढे जाऊन शेपटी हलवायला लागली, आणि आप्पांनीच तिला तुकडा टाकला. पुढं तीन वर्षं जगली.

आमची कुत्री आता बारा वर्षांची आहे. महिनाभर ती सारखी पाणी पीत होती. घरचे म्हणाले, उन्हाळा आहे. मला ते पटेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडाचा त्रास नुकता सुरू झालाय, पण खाणं बदललं तर बराच काळ मजेत राहील म्हणाल्या. आज तिनं नवं खाणं नाक मुरडत का होईना, संपवलं.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी कौतुकानं विचारलं, "इतक्या लवकर कसं लक्षात आलं तुमच्या?" मी म्हटलं, कुठंतरी वाचलं होतं. खोटं बोलले, आई. सोमवारी पुन्हा जायचंय, तेव्हा खरं सांगेन.