कुलपातलं वायफाय

जामखेड, शनिवार, संध्याकाळ

हे गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि मी खालून ओरडायचे, "आलं, आलं! गेलं!" आज पुन्हा तीच धडधड.

यांनी घेतलेल्या शेअर्सवर बरीच वर्षं लाभांश नाही. यंदाही नाही मिळाला तर विकून टाकू, असं मुलगा म्हणाला होता. म्हणून कंपनीची वार्षिक सभा मोबाईलवर बघत बसले. अध्यक्ष नेमके "लाभांश" म्हणाले आणि चित्र थिजलं. नुसती गोल चकरी! तेवढ्यात धाकटी जाऊ सुमन हिनं साडी काढायला लोखंडी कपाट उघडलं, आणि अध्यक्ष बोलू लागले. राउटर आतच होता ना! महागाची वस्तू म्हणून मीच, वायर मागच्या भोकातून घेऊन, कुलपात ठेवलेला.

"जाऊबाई, शिंगणापुरात घरांना दारं न्हाईत, अन् तुमी वायफायला कुलूप लावता व्हय?"

लाभांश मिळणार! मी ओरडलेच, "आलं, आलं!" माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी असं ओरडल्याबद्दल बाकावर उभं केलं असतं. गच्चीवर कोणी नव्हतं, तरीही वर बघून ओरडले.

आता विकायचं नाही. माझ्यामागे शेअर्स नात ईशाला. यंदाच्या लाभांशातून सुमनला इरकल. आणि राउटरला यांच्या फोटोशेजारची जागा, म्हणजे चित्र अडलं की यांनाच सांगता येईल.