गुणाचं टोपलं

असोदा
४ मार्च २०२५

चि. प्राची हिस,
आत्याचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही बरे, कोंबड्या बऱ्या नाहीत. तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र? काय करू बाई, कान गेल्यापासून फोन म्हणजे मला साबणाची वडी. तू तिकडून ओरडतेस ते तुझ्या खोलीतल्या रत्नाला ऐकू जातं, मला नाही.

मास्तरीण आठवते ना, सगळ्यांच्या पुढे चालणारी तांबडी? तिचा तुरा कळण्याच्या पिठासारखा फिक्का पडलाय. पंख खाली सोडून कोपऱ्यात बसते. काळी आणि लंगडी पण तशाच. अंडी बंद. मागच्या महिन्यात पिल्लं निघाली, त्यातली चार गेली. आमच्या सुयशने मोटारसायकलवर जळगावला डॉक्टर लीलाधरांकडे नेल्या, त्यांनी ताकदीचं औषध दिलं. औषध असतं तोवर दाणे टिपतात, संपलं की परत तेच. दिवाळीपासून असंच चाललंय. मध्ये शेजारच्या धुरपदाबाईच्या कोंबड्या पण अशाच झाल्या होत्या. तिचं म्हणणं, बठ्ठ्या नाटकी शेतस, लक्ष देऊ नको.

सुयशला ते पटत नाही. तुझी वहिनी सुलक्षणा मे महिन्यात बाळाला घेऊन शिरपूरहून, माहेरून येईल. त्याच्या आत कोंबड्या बऱ्या नाहीतर खुराडं रिकामं, असं त्याने कागदावर लिहून दाखवलं. केवढ्या मोठ्या अक्षरात, जसे माझे डोळेच गेलेत. तान्हं बाळ आणि आजारी कोंबड्या एका अंगणात नकोत, हे त्याचं खरंच आहे. पण तुला म्हणून सांगते. माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून लोकांनी यायचं सोडलं. येतात त्या बाया अंडी न्यायला, नाहीतर कोंबडी अंड्यावर कधी बसवू ते विचारायला. कोंबड्या गेल्या की या दारात कोण येईल?

तू जंतूंचं शिकतेस. बघ काही सुचतं का. अभ्यास सोडून नको, अभ्यासच समजून बघ.

माया आहेच, पत्राने ती ओली ठेव.
तुझी आत्या,
कलाबाई


देवपूर, धुळे
९ मार्च २०२५

ती. आत्या,
सप्रेम जय भीम. वि. वि.

मी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे हे खरं, पण कोंबडी मी आजवर रश्श्यातच जवळून पाहिलीय. तरी कॉलेजात मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, नुसतं वर्णन ऐकून काय सांगू, विष्ठा आण. आता वर्गात सगळे मला तेवढ्याच नावाने हाक मारतात, ते तुझ्या खात्यावर.

तर तिघींची सकाळची ताजी शी वेगवेगळ्या काडेपेटीत भर, वर नाव लिही, आणि धुळ्याच्या गाडीवर आपल्या गावचे झुलालभाऊ कंडक्टर असतात त्यांच्याजवळ दे. त्यांना आत काय आहे ते सांगू नकोस. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं उलटी करून उवा आहेत का तेही बघ.

सुयशदादाला सांग, मे लांब आहे. त्याच्याहून मोठ्या अक्षरात लिहून सांग.

तुझ्या लाडात वाटेकरी नको असलेली,
प्राची


(काडेपेटीवर चिकटवलेला कागद)

मास्तरीण. आज सकाळचं. उलटं धरू नको.


असोदा
१६ मार्च २०२५

चि. प्राची हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तीन पेट्या पाठवल्या. झुलालभाऊंनी एक पेटी हलवून पाहिली आणि हातवाऱ्यांनी विचारलं, तंबाखू का? मी म्हटलं, औषधाचं आहे. तर त्यांनी मोठ्या आदराने तिन्ही वरच्या खिशात ठेवल्या. मला गाडी जाईपर्यंत हसू आवरलं नाही.

भर दुपारी उजेडात पिसं न् पिसं उलटी केली, उवा दिसल्या नाहीत. डॉक्टरांनाही दिसल्या नव्हत्या. घामोळ्याने माझेच हात खाजतात, मार्च असून ऊन असं आहे.

वाट बघते.
तुझी आत्या


(त्याच पत्राच्या मागच्या बाजूला)

प्राची, आई दळणाला गेलीय, म्हणून तिच्याच कागदावर लिहितो. तू फोन उचलत नाहीस.

तू तिला आशा लावू नकोस. पिल्लं मेली तेव्हा दोन दिवस नीट जेवली नाही. मला पण तिच्या कोंबड्या काढायला बरं वाटतंय असं नाही. पण सुलक्षणाचं बाळंतपण किती अवघड गेलं तुला माहीत आहे, आणि बाळ अजून मुठीएवढं आहे. मला भीती वाटते. आईला समजाव. माझं ती ऐकत नाही, तुझं वाचते तरी.
सुयश


देवपूर, धुळे
२१ मार्च २०२५

ती. आत्या,
जय भीम आणि विजयाची तुतारी!

जंत! मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, तिघींच्याही शीमध्ये जंतांची अंडी आहेत. फार नाहीत, पण आहेत. मॅडम म्हणाल्या, एवढ्याशा जंतांनी तुरा इतका पांढरा पडतो का, याची शंकाच आहे. पण मी त्यांना सांगितलं, मॅडम, तुम्ही आमची मास्तरीण पाहिली नाही, ती नाजूक आहे. सोबतची चिठ्ठी डॉक्टर लीलाधरांना दे, ते जंताचं औषध देतील. मात्रा त्यांनाच ठरवू दे. घरातलं माणसांचं औषध अर्धं करून घालू नकोस, मी तुला ओळखते.

हे पत्र दादाला वाचायला दे. मागचं पान कोरं ठेवलंय. त्याला मागच्या पानावर लिहायची आवड आहे असं कळलं. दादा, तुझी भीती मला समजली. महिनाभर थांब, एवढंच मागते.

भरवसा ठेव,
प्राची


असोदा
८ एप्रिल २०२५

चि. प्राची हिस,
तोंडभरून आशीर्वाद. वि. वि.

पोरी, औषध लागू पडलं! काळी दाणे टिपते, लंगडी भांडायला लागली, अंडी सुरू झाली. तुझे उपकार कशाने फेडू? म्हणून पहिली अंडी तुलाच पाठवते, आणि तीही धुरपदाबाईच्या टोपल्यात.

हे टोपलं म्हणजे आमच्या गल्लीचा जीव. धुरपदाबाईच्या सासूने विणलेलं. ज्या घरी कोंबडी खुडूक होऊन अंड्यावर बसायला मागते, त्या घरी ते जातं, कोणाची पाळी ते बाया मला विचारून ठरवतात. त्यात बसवलेलं अंडं वाया जात नाही. आतलं गवत आणि कापूस कोणी बदलत नाही, गुण त्यातच आहे म्हणतात. आणि टोपलं रिकामं परत करायचं नाही, हा एकच नियम. सध्या ते माझ्याकडे आहे, मास्तरीण त्यात बसली होती. पण तीन दिवसांत अंडी टाकून उठली. असं ती कधी करत नाही. तुराही तिचा अजून भरला नाही. एवढं एक सोडलं तर सगळं गोड.

टोपलं जपून परत कर. आणि रत्नाला दोन अंडी दे, माझ्यापायी तिचे कान किटतात.

आनंदात राहा, आम्हाला ठेवलंस तसं.
तुझी आत्या


देवपूर, धुळे
११ एप्रिल २०२५

ती. आत्या,
जय भीम. आधी बस, मग वाच.

अंडी फार छान होती. टोपलं मी कौतुकाने पलंगावर ठेवलं, नवीन पांढऱ्या चादरीवर. सकाळी उठले तर हातभर खाज, पोटावर लाल ठिपके. रत्नालाही. तिने आधी ढेकूण म्हणून मालकिणीशी भांडण काढलं. मग मी चादर पाहिली. राईहून बारीक तांबडे कण. झटकायला गेले तर चालायला लागले. एक बोटाने दाबला, रक्त निघालं. आत्या, ते रक्त मास्तरणीचं होतं.

टोपलं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तशीच मॅडमकडे पळाले. त्यांनी सांगितलं, या गोचिडीच्या जातीच्या तांबड्या उवा आहेत. दिवसा गवतात, खुराड्याच्या फटीत लपतात. अंधार पडला की कोंबडीवर चढून रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत. म्हणून तुला भर दुपारी काही दिसलं नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून तुरे पांढरे, म्हणून मास्तरीण अंड्यांवरून उठली. तुझं घामोळंही बहुतेक हेच. जंत होते, पण ते किरकोळ चोर. मॅडमची शंका बरोबर होती आणि माझी तुतारी घाईची. आणि टोपलं घरोघर जातं तसा आजारही घरोघर जातो.

तू आता स्वतःला दोष देत बसशील, तर तसं करू नकोस. काडेपेट्यांनी जे सांगितलं नाही ते तुझ्या भेटीने सांगितलं. तू उपकार मानले नसतेस तर मला हे कधीच सापडलं नसतं.

आता गवत, कापूस जाळायचा. टोपल्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि मग ऊन. खुराड्याच्या फटी खरवडून चुना मारायचा, डॉक्टरांकडून फवारणी करून घ्यायची. आठवड्याने परत, कारण उवांची अंडी मागे राहतात. आणि सगळ्या गल्लीने एकदम करायचं. एक घर राहिलं तर सगळं वाया.

गवत मी जाळलं नाही. ते धुरपदामावशीचं आहे, जाळायचं की नाही ते तिने ठरवावं. टोपलं रिकामं पाठवत नाही. पिशवी उघडशील तेव्हा वरच माझं भिंग आहे.

तुझी खाजरी पण खूश,
प्राची


असोदा
२० एप्रिल २०२५

चि. प्राची हिस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मला भुईत जावंसं वाटलं. लेकराच्या अंथरुणात मी उवा पाठवल्या! रत्नाची माफी माग माझ्यावतीने.

धुरपदाबाईला सांगायला गेले तर ती अशी तापली की मला चक्क ऐकू आलं. तुनी भाची काय डॉक्टर शे का, म्हणे. सासूच्या हातचं टोपलं, त्याला नावं ठेवता.  मी तिचा हात धरून तिला आमच्या घरावर, धाब्याच्या छतावर नेलं. भर दुपार, चपला घालूनही पाय पोळत होते. पांढरं लुगडं अंथरलं, त्यावर पिशवीतून टोपलं उपडं केलं. ऊन लागताच लुगडं तांबडं चालायला लागलं. मी भिंग तिच्या हातात दिलं. बराच वेळ पाहिलं तिने. मग आपलं मनगट पुढे केलं. त्यावर माझ्यासारखंच घामोळं होतं.

गवताला काडी तिनेच लावली. मग दारोदार मला पुढे घालून सांगायला तीच निघाली. डॉक्टर लीलाधर गल्लीत आले, सगळी खुराडी एका दिवसात फवारली. म्हणाले, आता कोंबडी आणली की आधी घर बघीन तिचं. ते सांगतील तोवर अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. आमच्या खुराड्याला चुना सुयशने मारला. तोंड वाकडं करून मारला, पण फट एक सोडली नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याच तोंडाने सांगावी लागली. टोपलं आता फिरवायचं नाही, घरोघर आपलं आपलं विणा.  आपलं टोपलं घरी असल्यावर कोण कशाला येईल माझ्याकडे? पण नाही सांगितलं तर कोंबड्या मरतील. कोंबड्या जगोत, बाया येवोत न येवोत.

मास्तरीण आज बाकीच्यांच्या पुढे चालली.
तुझी आत्या


असोदा
२५ मे २०२५

चि. प्राची हिस,
आत्याचा आणि तुझ्या नव्या भाचीचा जय भीम. ती अजून मुठी वळूनच जय भीम करते.

दुसरी फवारणी झाली, महिना उलटला, कोणाची कोंबडी मलूल नाही. मास्तरणीचा तुरा जास्वंदीसारखा. डॉक्टरांनी अंड्यांची मनाई उठवली. सुलक्षणा आली तेव्हा सुयशने तिला आधी खुराडं दाखवलं, मग खोली.

आता मुख्य गोष्ट ऐक. घरोघर नवी टोपली झाली. पण त्यांना ऊन कुठे द्यायचं? गल्लीत सगळ्यांवर निंबाची सावली. उघडं धाबं फक्त आमचं. तर दर रविवारी बाया आपापली टोपली घेऊन येतात, वर पालथी मांडतात, आणि ती तापेपर्यंत खाली पडवीत बसतात. धुरपदाबाईने नातवाची पाटी आणून ठेवलीय. जिला मला काही सांगायचं ती पाटीवर लिहिते. धुरपदाबाईला लिहिता येत नाही, ती चित्र काढते. तिची कोंबडी आणि तिची सून मला सारखीच दिसते, त्यावरून सगळ्या हसतात. हसणं ऐकू येत नाही, पण पडवी हलते तेवढं कळतं.

जुनं टोपलं धुरपदाबाईने बाळाच्या लांबलेल्या बारशाला आणलं. पाण्यातून काढलेलं, उन्हातलं, नवा कापूस घातलेलं, आणि त्यावर बाळाचं टोपडं. रिकामं कसं देणार?

पोरी, तुझं भिंग मी परत देत नाही. बाया मागतात. अंडी पाठवते, खोक्यात. टोपल्यात नाही, भिऊ नको.

जीव लावला आहेस, तो असाच लाव.
तुझी आत्या,
कलाबाई


(मागच्या बाजूला)

प्राची, या वेळी आईनेच सांगितलं, मागचं पान माझ्यासाठी ठेवलंय म्हणून. म्हणजे तेव्हाचंही तिने वाचलं होतं.

तेव्हा लिहिलं ते खोडून टाक. रविवारी अंगणात इतक्या बाया असतात की मला मोटारसायकल बाहेर काढता येत नाही. सकाळी बाळ रडत होतं, आईला ऐकू गेलं नाही. पण धुरपदामावशीने पाटीवर एक गोल, त्यात उघडं तोंड असं काढलं, आणि आई उठून पाळण्याकडे धावली.

मोटारसायकल मी आता शनिवारीच बाहेर लावून ठेवतो.
सुयश