चिपला लावलेलं कुंकू

॥ बिरोबा प्रसन्न ॥

तलवाडा, दसऱ्याचा दुसरा दिवस

माजलगावच्या सत्यभामा आत्याबाईला, पायावर डोकं ठिवून भाचा मुंजाजी लिहितो की, इकडं आई, आबा, मेंढरं, समदे खुशाल हायेत. तुमचा गुडघा कसा हाय? धरणावरचं वारं गुडघ्याला चांगलं न्हाई म्हणून आई रोज हळहळती. फोनच केला असता, पण तुमी फोनवर बोलल्या की आवाज वाड्यापल्याड जातो आन् आबा कायम शेजारी. म्हणून हा कागद.

आपल्या जनावरांच्या दवाखान्यात वनमाला मॅडम आल्यात, ते आईनं सांगितलंच आसंल. (लस टोचताना त्या मेंढीच्या कानात कायतरी बोलतात. काय बोलतात ते ऐकावं म्हणून मी लई खेपा जवळ उभा राहिलो. यंदा आपल्या कळपाला गरजेपेक्षा जास्त दवाखाना झालाय.) त्यांच्यापाशी एक जुना लॅपटॉप हाय. वडलांचा. वडील वारले, तवापासून त्यांनी दुसरा घेतलाच न्हाई. त्याचं वायफायचं कार्ड मेलं, तर माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, द्या इकडं, मी करतो.

नवं कार्ड घातलं. चांगलं, निरोगी, काही म्हणून खोट न्हाई. तरी लॅपटॉप चालू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत उमटलं की हे कार्ड चालायचं न्हाई, काढा. आपल्या बोलीत सांगायचं तर, हे आपल्यातलं न्हाई. कावून? तर लॅपटॉप जन्मला तवाच त्याच्या एका चिपमधी लिहून ठिवलंय की ठरल्या सोयऱ्यांचीच कार्डं घ्यायची. आत्याबाई, मी त्या पडद्याकडं लई वेळ बघत बसलो. हुबेहूब आबाचा आवाज आला.

मग वाचून वाचून कळलं की ते जुनं लिखाण काढून नवं घालता येतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय ते. भंडाऱ्याच्या पातेल्यागत, झाकण उचलून कुणीबी बघावं आत काय शिजतंय. पण जुनं लिखाण आतून कुलूप लावून बसलेलं, आतून हलत न्हाई. बाहेरून चिमटा लावावा लागतो. चिपला आठ पाय, चिमट्याला आठ दात, त्याची वायर अंगठ्याएवढ्या यंत्राला आन् यंत्र माझ्या कॉम्प्युटरला. चुकलं तर लॅपटॉपची वीट. म्हंजे त्यांच्या वडलांची वस्तू गेली आन् मला दवाखान्याचा रस्ता कायमचा बंद. या भ्यावानं मी दोन घास कमी खाल्ले (आईनं त्याचा वेगळाच अर्थ काढला, आन् तो बरोबर होता).

खंडेनवमीला लिंबाखाली लॅपटॉप उघडला. आत हिरवी पाटी आन् तिच्यावर सोन्यावाणी बारीक रेघा. वरून बघितलं तर धरणाचे कालवेच वाटले, रान भिजवत चाललेले. मी त्या कालव्याच्या कडंनं चालत लई लांब गेलतो, आत्याबाई. सावली गार होती, मेंढरं रवंथ करत होती, वनमाला मॅडम संगं होत्या आन् माझ्याच कानात कायतरी बोलत होत्या. तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली. कुऱ्हाड, लोकर कापायची कात्री, समद्यांना कुंकू लावत लावत तिनं चिपलाबी बोट टेकवलं. मी कालव्यावर होतो, मला कशाचा पत्ता न्हाई.

आता नेम असा की चिपच्या एका कोपऱ्याला ठिपका असतो, चिमट्याची लाल वायर त्या बाजूला यायला पायजे. मी बघितलं, ठिपका लाल, वायर लाल. म्हणलं वा, किती सोय केलीय लोकांनी! चिमटा लावला. कॉम्प्युटर म्हणतो, चिप सापडत न्हाई. चिपला बोट लावलं तर चटका. झालं! चिमटा उपटून काढला. आई लाल ठिपक्याकडं बघून म्हणली, "आरं, ते मी लावलेलं कुंकू हाय." मी फडकं उचललं, तर तिनं मनगटच धरलं. "मुडद्या, जित्या वस्तूचं कुंकू पुसतो व्हय?" ती वस्तू जिती हाय का मेली, तेच तर मला ठाऊक नव्हतं.

कुंकू राहिलं तसंच. खरा ठिपका पल्याडच्या कोपऱ्यात निघाला, मोहरीएवढा. चिमटा फिरवला. चिपनं ओळख दिली! मला रडूच आलं. जुनं लिखाण दोनदा उतरवून ताडून घेतलं, मग नवं घातलं. ते जाईपर्यंत मी आभाळाकडं बघत पडलो. एकेक अक्षर मेंढरावाणी फाटकातून आत जात होतं आन् फाटकावर कुणीच कुणाची जात-पात इचारत नव्हतं. शेवटी बटण दाबलं. पडदा काळा. काळाच. मग उजेड आला आन् कार्डबी चाललं.

दसऱ्याला मॅडम सोनं घेऊन आल्या. लॅपटॉप उघडला, वडलांचा फोटो बघितला, डोळे पुसले. काय झालं होतं, म्हणल्या. मी म्हणलो, कार्ड आपल्यातलं नव्हतं. "मग आता?" म्हणलं, आता इचारत न्हाई. 

बाकी ठीक. चुकलंमाकलं पोटात घाला, तिथं जागा नसंल तर पदरात.

तुमचा,
मुंजाजी

ता.क. वर लिहिलेलं समदं लॅपटॉपबद्दल हाय. त्यात दुसरं काय शोधू नका.

ता.क. शोधलंच आसंल तर ऐका. आबापाशी विषय काढाय गेलतो. त्यांनी एवढंच इचारलं, "आपल्यातली हाय का?" आबा आतून कुलूपबंद हायेत. बाहेरून चिमटा लावंल असं माणूस एकच, त्यांची थोरली बहीण. आन् बारशाला माझं नाव मुंजाजी तुमीच ठिवलंय. मुंजा म्हंजे पिंपळावरचं बिनलग्नाचं भूत. आता तुमीच निस्तरा.

ता.क. मॅडम निघाल्या तवा आईनं त्यांनाबी कुंकू लावलं. मी म्हणलो, घामानं पसरंल, पुसा वाटल्यास. तर म्हणतात, "पुसायचं नाही, आईंनी सांगितलंय." आबा उंबऱ्यातच उभे होते. ते तापायच्या आत या.