ऐन-लोझ गावच्या 'मूळ रहिवासी' पदाबाबत

प्रति,
श्री. चंद्रशेखर बोकील,
प्रकल्प संचालक,
ओल्ड टेरेस ग्राम-पर्यटन कंपनी,
पार्सिपनी, न्यू जर्सी.

विषय : ऐन-लोझ या ओसाड पॅलेस्टिनी गावात 'मूळ रहिवासी' म्हणून माझी नेमणूक होण्याबाबत.
संदर्भ : श्रीमती हलीमा दाऊद यांचा अर्ज फेटाळणारे आपले ३ मार्च १९८६ चे पत्र.

महोदय,

ग्राहकांच्या नजरेस पडू नये असे काही लिहायचे झाल्यास मराठीत लिहावे, या आपल्या सूचनेनुसार हा अर्ज मराठीत करीत आहे.

१. मी आपल्या कंपनीत वनस्पतिशास्त्राची सहायक आहे. ऐन-लोझ पुन्हा वसवून पर्यटकांना तेथे ऑलिव्ह तोडायला, चुलीवर रोटी भाजायला आणि जुन्या धर्तीच्या नव्या घरांत राहायला द्यायचे, ही योजना मी अभ्यासली. नवी घरे जुनी दिसावीत म्हणून जुन्या घरांचे दगड काढून त्यांना लावायचे आहेत, हे वाक्य मला दोनदा वाचावे लागले.

२. गाव 'कालांतराने आपोआप रिकामे झाले' असे माहितीपत्रक म्हणते. फोटोंत मात्र फड्या निवडुंगाच्या रांगा काटकोनात वळलेल्या दिसतात. निवडुंग आपोआप काटकोनात वाढत नाही. ती कुणाच्या तरी परसाची कुंपणे आहेत. गावही आपोआप रिकामे होत नाही. १९४८ साली लोक गोळीबारातून जीव मुठीत घेऊन निघाले आणि त्यांना परत येऊ दिले नाही. नकाशात या कुंपणांना 'नैसर्गिक वाढ' म्हटले असून ती उपटण्याची आखणी माझ्याकडे आहे.

३. त्यांतले एक कुंपण श्रीमती हलीमा यांच्या घराचे. त्या येथून जवळच, पॅटरसनला राहतात. पर्यटकांसमोर चुलीपाशी बसायला 'मूळ रहिवासी' हवेत, ही आपली जाहिरात वाचून त्यांनी अर्ज केला. वय पासष्ट, स्वतःच्या घराचा उंबरा एकदा पाहावा, एवढीच इच्छा. मी त्यांना नकाशा दाखवला. त्यात त्यांच्या घराच्या जागी शौचालये आखलेली आहेत. त्या म्हणाल्या, "गाव सुधारलं म्हणायचं. आमच्या वेळी लांब जावं लागायचं." त्यानंतर बराच वेळ त्यांनी मला नकाशाची घडी घालू दिली नाही.

४. 'अर्जदारास गावाची प्रत्यक्ष माहिती असल्याने पाहुण्यांच्या अनुभवात व्यत्यय येईल' या कारणास्तव आपण त्यांना नाकारले. ही कसोटी लावल्यास मी पूर्णपणे पात्र आहे. माझा जन्म मिरजेचा. गावाची मला काहीही माहिती नाही, अरबी येत नाही, रोटी करपते. येथले लोक कुठे गेले, असे पाहुण्यांनी विचारल्यास मी न समजल्यासारखे हसू शकते. आवश्यक वाटल्यास चाचणी घ्यावी.

५. कंपनीच्या नियमाप्रमाणे तेथे जाणाऱ्या कर्मचाऱ्याला एक नातेवाईक सोबत नेता येतो. मी हलीमामावशींना नेईन. शौचालयांचा पाया खणण्यापूर्वी पोहोचायचे असल्याने निर्णय लवकर व्हावा. नात्याचा पुरावा मागितला जाणार असल्यास नम्रपणे निदर्शनास आणते की, आपल्या पत्नीस कार्यालयातील आम्ही सर्व मराठी मंडळी कांचनकाकू म्हणतो. त्याचा पुरावा आजवर कोणी मागितलेला नाही.

आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत, आपली नम्र,
सुमेधा परचुरे
१० मार्च १९८६

सोबत : पासपोर्ट आकाराचे दोन फोटो; एक माझा, एक मावशींचा.